फुफीची फारसी

आमच्या घरात शेवटचा शब्द अब्बांचा असतो, असं अब्बा सगळ्यांना सांगायचे. ते खरंही होतं. फुफीचं बोलून झालं की अब्बा "बरं, आपा" म्हणायचे, आणि तोच त्या घरातला शेवटचा शब्द असायचा.

फुफी ही अब्बांची थोरली बहीण. आमची आजी लवकर गेली, तेव्हा फुफीनंच अब्बांना लहानाचं मोठं केलं. पुढे फुफीचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. अब्बांना दुबईत बोटींच्या एका एजंटाकडे क्लार्कची नोकरी लागली, तेव्हा रत्नागिरीच्या घरातून अम्मीच्या ट्रंकेआधी फुफीची ट्रंक बाहेर पडली. दुबई म्हणजे तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांवरची वस्ती, मागे नुसती वाळू, आणि गाढवावरून विकत यायचं गोडं पाणी. पाणीवाला सरळ डबा ओततोय की पोचे आलेला, मापात कमी भरणारा, हे फुफी आतल्या खोलीतून आवाजावरून सांगायची. म्हणजे तिचे कान उत्तम होते. फक्त त्या कानांना स्वतःची मतं होती.

मी आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. यात माझ्या हुशारीचा भाग थोडा आणि खालाच्या गुडघेदुखीचा जास्त. खाला म्हणजे अम्मीची बहीण, ती मुंबईत एकटी राहायची, तिला सोबत हवी होती, आणि मुंबईत राहून मुलगी नुसती बसून काय करणार म्हणून फुफीनं मला सायन्सच्या पहिल्या वर्षाला बसायची परवानगी दिली. एक वर्ष. त्यानंतर खलास. बहारीनमध्ये दुकान असलेल्या आपल्याच कोकणी लोकांचं एक स्थळ तिनं हेरून ठेवलं होतं आणि ती मंडळी उत्तराची वाट बघत होती.

पण त्या वर्षात एक भानगड झाली. आमच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की एक फार्मसी कॉलेज पहिल्या वर्षाच्या मार्कांवरच काही जागा आधी राखून ठेवतं. इंटर सायन्स व्हायचं असतं, त्यात बरे मार्क मिळवायचे असतात, पण जागा आजच तुझी. मग इंटर झालं की रांगेत उभं राहायला नको, थेट आत. दोनच अटी होत्या. इंटरला घसरायचं नाही, आणि पालकांनी आत्ताच लेखी हो म्हणायचं. सुट्टीनंतर कॉलेज उघडेपर्यंत हो आलं नाही, तर जागा पुढच्या मुलाला.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मुंबईहून दुबईला येताना बोटीवर सगळे जण ओकत होते आणि मी फुफीला कसं सांगायचं याची वाक्यं पाठ करत होते. इंटरचा अजून पत्ता नाही आणि त्याच्याही पुढच्या कॉलेजची बोलणी, म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असंच कुणालाही वाटलं असतं. फुफीला तर वाटणारच होतं.

घरी पोचल्यावर मी आधी अम्मीला सांगितलं, अम्मीनं अब्बांना, आणि अब्बांनी सगळा धीर गोळा करून जेवताना विषय काढला. अब्बांच्या ऑफिसात इंग्रजी फार चालायचं. घाबरले की ते घरातही ऑफिसातलं बोलायचे.

"आपा, मुलीला अॅडमिशनची ऑफर आहे," ते म्हणाले. "फार्मसीची. अॅडव्हान्समध्ये सीट रिझर्व्ह. आपल्याकडून फक्त कन्फर्मेशन पाहिजे."

फुफीचा घास हातातच राहिला. मी खाली मान घातली. आता बहारीन निघणार.

"फारसी?" फुफी म्हणाली.

"फार्मसी," अब्बा म्हणाले.

"तेच म्हणते मी. फारसी." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपल्या घरात परत फारसी येणार?"

आमचे पणजोबा गावचे काझी होते. त्यांना फारसी इतकी यायची म्हणे, की ते गुरांनासुद्धा फारसीत हाका मारायचे. त्यांच्यानंतर दोन पिढ्यांत ती भाषा घरातून अशी गेली की एक पुस्तकही उरलं नाही. फुफीच्या लेखी आमच्या खानदानाची घसरण तिथून सुरू झाली होती आणि अब्बांच्या क्लार्कगिरीपर्यंत येऊन थांबली होती.

"जा," ती मला म्हणाली. "एक वर्ष कशाला, पाच वर्षं जा. बहारीनवाल्यांना मी सांगते थांबायला."

मी तोंड उघडलं. अम्मीनं माझ्या ताटात माशाची तुकडी टाकली आणि म्हणाली, "खा." अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मग फुफीकडे बघितलं आणि शेवटचा शब्द उच्चारला.

मी गप्प बसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फुफी तांदूळ निवडत होती, तिच्याशेजारी बसून मी सांगितलं, "फुफी, मी फार्मसी शिकणार आहे. म्हणजे दवा."

"हो गं," ती म्हणाली. "दुवा तर लागणारच. मी रोज मागते."

मग मी कागद घेतला आणि उर्दूत मोठ्या अक्षरात 'फार्मसी' लिहून तिच्यापुढे धरला. फुफीनं चष्मा लावला, नीट वाचलं. उर्दूत फारसी आणि फार्मसी यांच्यात एका 'मीम'चा, म्हणजे आपल्या म-चा फरक. फुफीनं पेन्सिल मागितली आणि तो मीम खोडून टाकला.

"कॉलेजात गेलीस आणि स्पेलिंग अजून कच्चं," ती म्हणाली. "मधे एक अक्षर जास्त पडलंय."

त्यानंतर अम्मीनं मला स्वयंपाकघरात नेऊन दम दिला. "दोनदा सांगितलंस ना? आता तिसऱ्यांदा सांगितलंस तर तू आणि तुझं नशीब. आपांना फार्मसी समजली तर त्या काय म्हणतील माहितेय? काझींची पणती दुकानाच्या फळीमागं उभी राहून पुड्या बांधणार. मग कसली सीट आणि कसली बीट." फुफी खरंच हेच म्हणाली असती, अगदी याच शब्दांत.

फुफीनं त्या संध्याकाळी सांदणं केली आणि गल्लीत वाटली. मुलगी फारसी शिकणार आहे, जागा आधीच राखून ठेवली आहे, कॉलेजवाले मागं लागलेत. समोरच्या सिंधी कापडवाल्याची बायको सांदण खाता खाता हसून म्हणाली, "पढे फारसी, बेचे तेल." म्हण जुनी आणि निरुपद्रवी, पण फुफीनं तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे दुबईत खरोखरच तेल निघालं तेव्हा तेल विकणाऱ्यांचा रुबाब बघून त्या बाईलाच आपली म्हण परत घ्यावी लागली, पण तो वेळेवरचा न्याय नव्हे. बहारीनवाल्यांचं मात्र उलटंच झालं. त्यांनी निरोप पाठवला, की सून फारसी शिकलेली मिळत असेल तर आम्ही अवश्य थांबतो, आमच्या सगळ्या नातलगांत अशी एकही नाही. म्हणजे जे स्थळ टळावं म्हणून आम्ही गप्प होतो, ते आणखी घट्ट चिकटून बसलं.

आणि मग फुफीला वाटलं की कॉलेजात जाण्याआधी पाया पक्का हवा.

आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका इराणी हाजींचं घर होतं. हाजी गालिच्यांचा व्यापार करायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे बीबी म्हणायचो. लग्नानंतरची काही वर्षं बीबीनं मुंबईत काढली होती, त्यामुळे तिची हिंदी थेट बाजारातली. त्यांच्या खोलीवर वारा ओढून घेणारा उंच मनोरा होता आणि उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीत तेवढी एकच खोली बसण्यासारखी असायची. रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर फुफी मला तिथे घेऊन जायची. मी शिकायचं आणि फुफीनं राखण करायची, असं ठरलं होतं.

मला फारसी येईना. फॉर्म्युले पाठ करणाऱ्या डोक्यात ती शिरेना म्हणा, किंवा मनात चोर असला की जीभ वळत नाही म्हणा. बीबी शब्द विचारायची, मी छताकडे बघायचे, आणि मागून, चहाच्या समोवारच्या बाजूनं, हळूच उत्तर यायचं. आब. नान. अनार. फुफी राखण करता करता धडे गिळत होती. बाजार, शहर, गुलाब, पोशाख, अर्धे शब्द तर आपलेच निघाले म्हणून तिला हर्ष झाला. "पोरी, आपण जन्मभर फारसीच बोलतोय," ती घरी येऊन सांगायची, "फक्त कुणी सांगितलं नव्हतं." इराण्यांसारखा साखरेचा खडा दातांत धरून कोरा चहा प्यायलाही ती शिकली. बीबी एकदा तिला म्हणाली, "खानुम, तुमही सीखो ना." फुफीनं पदर तोंडावर घेतला. या वयात काय शोभतं का ते, म्हणाली.

एकदा परत येताना ती दारातच थांबली आणि सहज बोलल्यासारखं सांगू लागली. लहानपणी आजोबा ओटीवर भावांना फारसी शिकवायचे तेव्हा तीही बसायची. तिला पटापट यायचं. भावांना नाही यायचं. मग घरातलं कुणीतरी म्हणालं, पोरीला हे शिकवून काय करायचंय, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला कोळंबी सोलायला बसवलं. "मी कोळंबी सोलता सोलता शब्द म्हणायचे," ती म्हणाली. "मग कोळंबीच राहिली, शब्द गेले." आणि आत जाऊन तिनं दिवाबत्ती केली.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तिच्याबद्दल वाटलं आणि अब्बांचा राग आला. एवढा घोडा झालेला माणूस, बोटींच्या कप्तानांशी वाद घालतो, आणि बहिणीला एक शब्द नीट सांगवत नाही. मी ठरवलं की आता जागा गेली तरी चालेल, पण तिला खरं कळलं पाहिजे. जागा गेली तरी चालेल हे मी मनात म्हणत होते आणि ते साफ खोटं होतं, हेही मला माहीत होतं.

पण सांगायची पाळी माझ्यावर आलीच नाही. बीबीनं सांगितलं.

सुट्टी संपत आली होती. धड्यात मी नेहमीसारखी गडबडले आणि बीबी वैतागून पुस्तक मिटत म्हणाली, "तुम्हारा कॉलेज तुमको लेता कैसे है? एक लब्ज नहीं आता."

मी खालच्या आवाजात म्हणाले, "बीबी, फारसी नहीं. फार्मसी. डॉक्टर लिखके देता है ना, वो दवा बनाने का."

बीबीचा चेहरा उजळला. तिनं मांडीवर थाप मारली. "दारूसाजी," ती म्हणाली. फारसीत औषधाला दारू म्हणतात, आणि औषधं बनवणारा तो दारूसाज, हे मला तेव्हा कुठं ठाऊक. मला कळायच्या आत ती समोवारकडे वळून मोठ्यानं सांगू लागली, "खानुम, तुमने बोला क्यों नहीं? लडकी दारू बनाएगी. मेरा भांजा भी शिराज में दारू बनाता है. बहुत इज्जत का काम है."

फुफीच्या दातांतला साखरेचा खडा बशीत पडला. "किसका दारू?"

"सबका," बीबी म्हणाली. "बच्चे का, बूढे का. अस्पताल में भी यही लोग देता है."

फुफी उठली. तिनं बुरखा घेतला, मला म्हणाली, "चल," आणि त्या वाळूतून ती अशी चालली की मला धावावं लागलं. बीबी दारात उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. मोठ्या कौतुकाची बातमी ऐकून बाई रागावून का गेली, हे तिला कळेना.

अब्बा बनियनवर बसून रेडिओ ऐकत होते. फुफीनं तो बंद केला.

"तुझी मुलगी मुंबईला दारू गाळायला चाललीय," ती म्हणाली. "मुंबईत दारूबंदी आहे ना? मग कॉलेजात कशी शिकवतात? आणि सीट रिझर्व्ह ठेवतात? काझींच्या घरातली पोर हातभट्टी लावणार, आणि तू कन्फर्मेशन देतोस?"

"आपा—"

"यल्ला, आत्ता बहारीनला कळव. कॉलेज उघडायच्या आत निकाह. खलास."

मी भिंतीला टेकून उभी होते. अब्बा "बरं, आपा" म्हणतील, आणि मग संपलं. अब्बांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे बघितलं. मग ते उभे राहिले. बनियनवर उभे राहिलेले अब्बा काही फार भारदस्त दिसत नव्हते, पण जन्मात पहिल्यांदा त्यांनी बहिणीचं बोलणं खोडून काढलं.

"दारू नाही, आपा. दवा. आणि फारसी नाही, फार्मसी. मी त्या दिवशी फार्मसीच म्हणालो होतो. तुझा चेहरा बघितला आणि पुढं बोलवलं नाही."

अम्मी धावत जाऊन खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आली. "आपा, हे. हे बनवायला शिकणार आहे ती." फुफीनं बूच काढून वास घेतला, आणि तिनं अम्मीकडे असं बघितलं की विचारू नका. त्या औषधात स्पिरिट असायचं. मला ते केमिस्ट्रीमुळे माहीत होतं, पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. अम्मीनं बाटली काढून घेतली आणि फणीच्या डब्यामागे लपवली.

फुफी खाटेवर बसली.

"म्हणजे फारसी नाहीच," तिनं मला विचारलं.

"नाही, फुफी."

"एक अक्षरसुद्धा शिकवत नाहीत?"

"नाही."

"तो मीम बरोबर होता तर."

"हो."

तिनं हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "आणि बीबी दारू दारू म्हणत होती, ते फारसीत दवालाच."

"हो."

"तेव्हा ओटीवर माझं पुस्तक मिटवलं नसतं, तर मला ते तिथंच कळलं असतं," ती म्हणाली. "चहा टाकून गल्लीभर धावत आले नसते." तिचा आवाज बदलला. मी फुफीला नवऱ्याच्या आठवणीनं रडताना बघितलं होतं, पण हे रडणं वेगळं होतं. ते आतल्या आत राहिलं. अम्मी तिच्याजवळ जाऊन बसली. अब्बा उभेच होते, कारण आता बसायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं.

शेवटी त्यांनीच विचारलं, "आपा, मग बहारीनला काय कळवू?"

"कळव की मुलगी फारसी शिकत नाही," फुफी नाक पुसत म्हणाली. "त्यांना फारसीवाली सून पाहिजे ना? ती आमच्याकडे नाही. आम्ही फसवत नाही कुणाला."

"आणि कॉलेजला?"

फुफीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पुड्या बांधण्याबद्दल काहीतरी येणार. तेही आलं. "फळीमागं उभी राहशील तर डोक्यावर पदर घेऊन राहा," ती म्हणाली. मग अब्बांना म्हणाली, "लिही हो म्हणून. शिकायला बसलेली पोर मधूनच उठवायची नसते."

अब्बा लगेच लिहायला बसले. तेवढ्या घाईनं त्यांनी ऑफिसचंही काम कधी केलं नसेल. संमती त्याच आठवड्याच्या बोटीनं गेली, आणि पुढच्या बोटीनं मी.

निघायच्या दिवशी खाडीवर सगळी गल्ली जमली. मोठी बोट बाहेर समुद्रात उभी, तिथपर्यंत लाँचनं जायचं. सिंधी बाईनं लोणचं दिलं. अब्बांनी ओळखीच्या तीन खलाशांना माझी ट्रंक दाखवली. अम्मी रडत होती. मी सगळ्यांच्या डोक्यावरून बघत होते, पण फुफी कुठे दिसेना. मला वाटलं, तिला राग आलाच आहे, तो मी जायच्या क्षणापर्यंत धरून ठेवलाय. मी लाँचमध्ये पाय ठेवताना अम्मीला विचारलं, "फुफी नाही आली?"

"बीबीकडे गेलीय," अम्मी डोळे पुसत म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात खाडा नको म्हणाली. तिचा धडा आहे आज."